पावणेतीन रुपयांचं चंदन

जपानला निघताना बायकोनं बॅगेत उदबत्तीचे सहा पुडे भरले. तीन महिन्यांचा मुक्काम, रोज दोन वेळा दोन-दोन, सणावाराला जास्तीच्या आणि ‘तिकडे मिळो न मिळो’ म्हणून वेगळ्या, असा तिचा हिशोब होता. जागा वाचावी म्हणून हे पुडे तिनं चकलीच्या डब्याभोवती दाबून बसवले. तोक्योत उतरून डबा उघडला तेव्हा भाजणीच्या चकलीला मोगरा असा काही लागला होता की नातवानं एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, “आजी, हा साबण आहे का?” नातू तिथंच जन्मलेला. मोगऱ्याशी त्याची ओळख साबणापुरतीच.

चिरंजीव निशी-कासाईला राहतात. तोक्योच्या एदोगावा भागातलं, तोझाई लाइनवरचं हे स्टेशन. २००० सालच्या आगेमागे संगणकांचा तो वायटूकेचा गोंधळ निस्तरायला आपली मुलं तिकडे गेली. गोंधळ निस्तरला, मुलं राहिली. त्यामुळे स्टेशनाबाहेर दहा मिनिटं चाललं की तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं हाताशी येतं. उदबत्तीसुद्धा मिळते. हे कळल्यावर बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू सहा पुडे मीच भरले होते.

सातव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बुटांच्या कपाटावर देव मांडायला बायको तयार होईना, म्हणून फ्रिजशेजारच्या फडताळात देव बसले. सकाळ-संध्याकाळ मोगरा सुरू झाला. धूर घरात कोंडू नये म्हणून ती गॅलरीचं दार उघडायची. तिथल्या गॅलऱ्या एकमेकींना चिकटून असतात, मध्ये नावापुरता पत्रा. पलीकडे शेजारच्या आजी ऊन पडलं की गाद्या वाळत घालत. आमचा मोगरा पत्र्याखालून सरळ त्यांच्या गादीत शिरत असणार. पण हे आता सुचतंय.

आठवड्यानं लिफ्टमध्ये एक कागद लागला. चिरंजीवांनी वाचून दाखवला. त्याचा मथितार्थ असा: सर्व रहिवाशांना नम्र विनंती. अलीकडे इमारतीत सुगंधाविषयी काही मतं कानावर येत आहेत. आपण सारे एकमेकांचा विचार करून आनंदात राहू या.

“छान आहे की,” मी म्हटलं. “आवडलेला दिसतोय.”

“बाबा, ही तक्रार आहे.”

“कोणाबद्दल?”

“आपल्याबद्दल.”

“नाव कुठंय आपलं?”

“नाव नाही म्हणूनच आपल्याबद्दल.”

मी पुण्यात वाढलेला माणूस. आमच्याकडे पाटीतला अपमान हुडकावा लागत नाही. तो ठळक अक्षरांत असतो, खाली दोन रेघा मारलेल्या असतात आणि शेवटी ‘हुकमावरून’ लिहिलेलं असतं. इथे मात्र तीन ओळींची फुलं उचलून बघितल्यावर तळाशी काटा सापडला. मुलानं मग एक नवा शब्दही शिकवला: सुमेहारा. इंग्रजीतल्या ‘स्मेल’ आणि ‘हॅरॅसमेंट’ या दोघांची शेपटं छाटून जपान्यांनी तो केलाय. म्हणजे वासानं दुसऱ्याला दिलेला त्रास. घामाचा, अत्तराचा, कपड्यांच्या साबणाचा, कसलाही.

आता मला सांगा, आपल्याकडे उदबत्ती लावतात कशाला? देवासाठी म्हणतो आपण, पण खरी लावतो ती शेजाऱ्यासाठी. ‘काय घमघमाट सुटलाय हो जिन्यात!’ हे ऐकल्याशिवाय सत्यनारायण पावल्यासारखा वाटत नाही. लहानपणी वाड्यात कोणाची पूजा झाली, कोणाची अजून व्हायचीय, हे नाकाला कळायचं. उंबऱ्याच्या आत थांबणारा सुगंध म्हणजे आपल्या लेखी कंजूषपणाच. त्यांच्या लेखी ती सभ्यता.

तेव्हा ठरलं की जपानी उदबत्ती आणायची. मंद असते म्हणे. आणि आणायची तर चंदनाची, कारण मोगरा बदनाम झाला होता.

दुकान म्हणजे साधं सुपरमार्केट. एका फळीवर मेणबत्त्या, त्याच्या शेजारी उदबत्त्या आणि त्याला लागून डासांच्या हिरव्या कॉइल. कॉइल बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. सुनेनं सांगितलं की हीही मुळात जपानी उदबत्तीच. एइइचिरो उएयामा नावाच्या गृहस्थांनी १८९० साली डासांना मारणाऱ्या एका जातीच्या शेवंतीची पूड घालून साधी, सरळ काडीची उदबत्ती केली. पण ती तासाभराच्या आत संपायची आणि डास तर रात्रभर. १८९५ मध्ये त्यांच्या पत्नीला, युकीबाईंना, साप वेटोळं घालून बसतो तशी ती गुंडाळायची कल्पना सुचली असं सांगतात. १९०२ पासून कॉइल बाजारात आली.

“बघा,” बायको म्हणाली, “डोकं बाईचं आणि नाव बुवाचं.”

मला वेगळाच साक्षात्कार झाला. जपानी उदबत्तीचा अनुभव नाही असं मी जे समजत होतो ते चूक होतं. वाड्यातल्या खाटेखाली मी ती वीस वर्षं लावली होती. सकाळी उठल्यावर पांढऱ्या राखेचं पुरं वेटोळं जमिनीवर जसंच्या तसं पडलेलं असायचं आणि त्याच्या मधोमध एक जिवंत डास.

चंदनाच्या डब्या तीन-चार प्रकारच्या होत्या. सुनेनं त्यातली ‘माइनिची-को’ काढून दिली. निप्पोन कोदो कंपनीची. माइनिची म्हणजे रोज आणि को म्हणजे धूप. रोजची उदबत्ती! मला हे नाव फार आवडलं. आपल्याकडे उदबत्तीला कमीत कमी ‘दिव्य’, ‘शाही’ किंवा ‘वृंदावन’ म्हणावं लागतं. ‘रोजची’ म्हणून विकायला धाडस लागतं. किंमत साडेसातशे येनच्या आत, म्हणजे चारेकशे रुपये. आत काड्या दीडशे. मी बँकेत तेहतीस वर्षं काढली आहेत. शेल्फसमोर उभ्या उभ्या भागाकार केला. काडीला पावणेतीन रुपये. चंदनाच्या मानानं हे काहीच नाही. आदल्याच आठवड्यात एका मोठ्या दुकानात काचेच्या आत ठेवलेल्या क्याराच्या काड्या बघितल्या होत्या. क्यारा म्हणजे अगरूतला सगळ्यात वरचा दर्जा. शब्द आपल्या ‘काळा’वरून, संस्कृतातून गेलेला. त्या डबीवरची शून्यं मोजताना मी दोनदा चुकलो आणि तिसऱ्यांदा मोजायची गरज वाटली नाही. चांगला क्यारा वजनावर सोन्यालाही मागं टाकतो.

घरी येऊन डबी उघडली. उदबत्त्या शेवयांसारख्या. तितक्याच बारीक, तितक्याच ठिसूळ, वीतभरही नाहीत. बायकोनं एक उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाली, “अहो, काडी कुठाय हिला?”

काडी नव्हतीच. आपल्या उदबत्तीच्या पोटात बांबूची काडी असते, तिच्यावर कोळशाची नि लाकडाची पूड जिगटात कालवून थापतात आणि मग ती सुवासिक तेलात बुडवतात. बांबू जाळू नये असं आपल्याकडे म्हणतातही आणि रोज सकाळी देवासमोर तो जाळतातही. या जपानी उदबत्तीत तो वादच नाही. तिथे ‘ताबू’ नावाच्या झाडाची साल कुटतात. ती पूड स्वतः संथ जळते, पाण्यात चिकट होते आणि तिला स्वतःचा वास जवळपास नाही. तिच्यात चंदन आणि इतर जिन्नस मळायचे आणि शेवयांसारखेच दाबून सोऱ्यातून काढायचे. म्हणजे अथपासून इतिपर्यंत सगळी उदबत्तीच.

तत्त्व उत्तम, पण लावायची कशात? आमच्याकडे गेली चाळीस वर्षं उदबत्तीचं एकच घर आहे: केळं. बायकोनं केळ्यात खोचली. तिचे दोन तुकडे झाले. दुसरी खोचली, तीन झाले. तिसरी हलक्या हातानं गेली आत, पण दहा मिनिटांनी केळ्याच्या ओलीनं बुडाशी मऊ पडली आणि नमस्कार केल्यासारखी पुढं वाकली. सव्वाआठ रुपये गेले. पितळी घर आणलेलं होतं, त्याच्या भोकात ही काडी विहिरीत बादली पडावी तशी पडली. शेवटी बायकोनं वाटीत तांदूळ घेतले आणि त्यात उभी केली. तितक्यात सून बाहेर आली आणि दारातच थबकली.

“आई, ते… तांदळात उभं काही नको. इथं भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या खोचतात त्या गेलेल्या माणसासाठी.”

बायकोनं तत्काळ उदबत्ती उपटली आणि ते तांदूळ वेगळे काढून ठेवले. खिचडीला वापरले का ते मी विचारलं नाही.

त्यावरचा जपानी उपाय म्हणजे राख. वाडग्यात मऊसूत राख भरायची आणि तीत उदबत्ती रोवायची. पण राख आणायची कुठून? दुकानातून! पिशवीत भरलेली, किंमत छापलेली, उदबत्तीसाठीची राख. मी ती पिशवी हातात धरून बराच वेळ उभा होतो. आयुष्यभर राख फुकट तयार केली, फुकट झाडली, पूर्वी तर तिनं भांडीही घासली. पैसे मोजून आणलेली ही पहिली. बिल जपून ठेवलंय, सोसायटीत दाखवायला.

आणि मग, एकदाची, माइनिची-को लागली. पेटवल्यावर ज्योत तोंडानं फुंकायची नाही, हातानं वारा घालायचा, हे सुनेनं सांगताच बायकोचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “आपल्याकडेही देवाचं काही फुंकत नाहीत,” ती म्हणाली. “चांगल्या वळणाचे दिसतात.” धुराची एक सुतासारखी निळसर रेघ वर गेली. आम्ही दोघं समोर बसलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

“येतोय का?”

“तुम्हाला?”

“मला वाटतं सर्दी आहे मला.”

“मलाही आहे मग,” ती म्हणाली आणि उठून मोगऱ्याची एक लावून आली. “देवाला तरी कळायला हवं ना, लावलीय ते.”

रात्री चिरंजीवांनी समजूत काढली. जपानीत सुगंध घ्यायचा नसतो, ऐकायचा असतो. त्यांच्याकडे कोदो म्हणजे सुगंधाची रीतसर कला आहे आणि तीत नाकाजवळ वाडगा धरून धूप ‘ऐकतात’. एका खेळात पाच जातींच्या सुगंधी लाकडांच्या पाच-पाच पुड्या करतात, पंचवीस पुड्या कालवून त्यातल्या पाच उचलतात, एकेक ऐकवतात आणि कोणता कोणासारखा ते ओळखायचं. उत्तरं बावन्न तऱ्हांची होऊ शकतात आणि प्रत्येकीला गेंजीच्या प्राचीन कादंबरीतल्या एकेका प्रकरणाचं नाव आहे. कादंबरीची प्रकरणं चोपन्न. पहिलं नि शेवटचं सोडून दिलं की हिशोब जुळला. बँकेत ताळेबंद जुळवताना मी नेमकं हेच करायचो, पण माझ्या बावन्न प्रकारांना कोणी कादंबरीची नावं दिली नाहीत.

सुगंध ऐकायचा, हे ऐकून मी आधी हसलो. मग आठवलं की मराठीतही गंधाची वार्ता असतेच. फक्त आपल्याला ती नसतानाच आठवते. ‘मला याची गंधवार्ताही नव्हती.’ कधी कोणी म्हटलंय का, की मला गंधवार्ता होती म्हणून?

चार दिवस मी ऐकत राहिलो. नाकानं कानोसा घेत. काही नाही. पाचव्या दिवशी कचरा टाकायला खाली गेलो. (जपानात कचऱ्याचे वार असतात, जाती असतात, पिशव्या पारदर्शक असतात, त्यावर वेगळा लेख होईल.) वर येऊन दार उघडलं आणि पाय उंबऱ्यातच थांबला. चंदन. साबणाचं नव्हे, टाल्कम पावडरीचं नव्हे, लग्नात कोपरावर चोळतात त्या अत्तराचं तर नव्हेच. कोरडं, जरा दुधाळ, लाकडी. थेट आजोबांच्या सहाणेचं. सोवळ्यातले आजोबा, सहाणेवर दोन थेंब पाणी आणि खोड गोल फिरवण्याचा तो खर्र-खर्र आवाज. त्यांच्या चंदनाचं खोड माझ्याहून वयानं बरंच मोठं होतं आणि झिजून माझ्या अंगठ्याएवढं उरलं होतं. उरलेलं कुठं गेलं कोण जाणे. वाडा पाडला तेव्हा सहाण कोणीतरी मिरच्या वाटायला नेली.

गोष्ट एवढीच होती की मी समोर नाक लावून बसलो होतो. नाक पाच मिनिटांत सरावतं आणि मग कळवेनासं होतं. ही उदबत्ती घरात बसलेल्यासाठी नाहीच. बाहेरून येणाऱ्यासाठी आहे. त्या दिवसापासून मी काहीही निमित्त काढून खाली जाऊन येऊ लागलो. चिरंजीवांना वाटलं, बाबांनी चालण्याचा व्यायाम सुरू केला.

पावणेतीन रुपयांत निव्वळ चंदन मिळतं असं मानायला मी काही कालचा नाही. इतर सुगंधी जिन्नस असणारच. पण चंदनाबद्दल तिथं एकेक गोष्ट कळत गेली आणि माझी पंचाईत होत गेली. निवृत्तीच्या दिवशी आमच्या साहेबांनी भाषणात मला ‘चंदनासारखे झिजले’ म्हटलं होतं. (बायको पहिल्या रांगेत होती. ती हळूच म्हणाली, “पोट सोडून.”) आता वाचलं तर चंदन हे अर्धं बांडगूळ! पानांनी स्वतःचं अन्न करतं खरं, पण जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांत मुळं घालून पाणी नि क्षार ओढतं. सुगंधही पानाफुलात नाही. वर्षानुवर्षं असं वाढल्यावर आतल्या गाभ्यात आणि मुळात भरतो. म्हणजे तीन महिने मुलाच्या घरी, मुलाच्या पैशानं, मुलाच्या फ्रिजमधलं खाऊन गॅलरीत बसलेला मी, शास्त्रशुद्ध अर्थानं चंदनासारखाच होतो.

जपान्यांनी चंदनावर एक म्हणही केलीय: सेन्दान दोन पानांचं असल्यापासूनच दरवळतं. आपल्या ‘मुलाचे पाय पाळण्यात’ची बहीण. सेन्दान हा आपला ‘चंदन’ शब्दच, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेलेला. पण चंदनाचं झाड तिकडे नाही. सेन्दान नावानं तिथं जे झाड उभं असतं ते आपलं बकाणनिंब. न पाहिलेल्या झाडाबद्दल, त्याच्या बिनवासाच्या पानांवरून म्हण करायची आणि ती बकाणनिंबाला चिकटवायची! उगाच नाही मला हे लोक आपले वाटत.

मूळ धूपही त्यांना वाहतच आला. ५९५ साली आवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक मोठा ओंडका लागला. बेटावरच्या लोकांनी सरपण म्हणून चुलीत घातला, तर सुगंध दूरवर पसरला. नवल वाटून त्यांनी तो दरबारात नेऊन दिला. हे त्यांच्या जुन्या इतिहासात, निहोन शोकीत, नोंदलेलं आहे. आज जपानातली सगळ्यात जास्त उदबत्ती याच बेटावर होते. सापडलेली वस्तू सरकारजमा केल्याचं बक्षीस तेराशे-चौदाशे वर्षांनी का होईना, मिळालं.

आणि नाराच्या शोसोइन भांडारात एक अगरूचा ओंडका आहे, रांजाताई नावाचा. दीड मीटरहून लांब, वजन साडेअकरा किलोच्या वर. तो तोडायची परवानगी फार थोड्यांना मिळाली. १५७४ मध्ये ओदा नोबुनागानं त्यातला तुकडा घेतला. निम्मा जपान तलवारीच्या धाकात ठेवणारा माणूस, पण त्यानंही सम्राटाची परवानगी घेतली. १८७७ साली मेइजी सम्राटासाठी तोडला. ओंडक्यावर कापल्याच्या काही जागी कोणी कापलं त्याची चिठ्ठी लावलेली आहे.

आमच्या सोसायटीतही चंदनाचं झाड होतं. होतं म्हणजे, ते आहे हे आम्हाला चोरीला गेल्यावर कळलं. पुण्यात ही नित्याची बातमी. रात्रीत येतात, करवतीनं बुंधा कापतात, गाभ्याचा तेवढा भाग नेतात, फांद्या ठेवून जातात. वॉचमन म्हणाला, आवाज आला, पण मला वाटलं कोणी घोरतंय. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा सेक्रेटरींनी त्याचं वर्णन ‘ते पार्किंगला आडवं येणारं झाड’ असं दिलं. आणि चिठ्ठी वगैरे कोणी लावून गेलं नव्हतं.

असाकुसाच्या सेन्सोजी देवळात गेलो तेव्हा मात्र बायकोचं जपानी उदबत्तीबद्दलचं मत एकदम बदललं. देवळासमोर भलंमोठं धुपाटणं, त्यात लोक उदबत्त्यांच्या जुड्याच्या जुड्या लावत होते आणि उठणारा धूर ओंजळीनं ओढून अंगावर घेत होते. जिथं दुखतं तिथं धूर घ्यायचा. बायकोनं गुडघ्यांवर घेतला, मग कमरेवर आणि नंतर बराच वेळ माझ्या डोक्यावर वारत राहिली. “याला म्हणतात धूर,” ती म्हणाली. आमच्या माइनिची-कोकडे ती त्यानंतर ‘घरच्या घरी ठीक आहे’ अशा नजरेनं बघू लागली आणि तिचा उपयोगही तिनं शोधला. एक काडी बरोबर सव्वीस मिनिटं चालते. भात शिजून, वाफ जिरून, झाकण उघडायला लागतात तितकीच. जुन्या काळी झेन मठात ध्यानाची बैठक एका काडीनं मोजत आणि गेइशांचा मेहनतानाही किती काड्या जळल्या त्यावर ठरे, असं मी तिला सांगितलं.

“ध्यानाचं ठीक आहे,” ती म्हणाली. “दुसरं कुठं वाचलंत?”

आता मुख्य प्रकरण. मोगऱ्याबद्दल शेजारच्या आजींची माफी मागावी असं माझ्या मनात होतं. काय न्यावं? उदबत्तीनं झालेली चूक उदबत्तीनंच निस्तरावी, तीही त्यांच्याच पद्धतीच्या, हा विचार मला इतका सुरेख वाटला की मी तो कोणालाही सांगितला नाही. एकटाच दुकानात गेलो, चंदनाची जरा बऱ्यापैकी डबी निवडली आणि काउंटरवरच्या मुलीला खुणेनं सांगितलं की कागदात बांधून दे, द्यायचीय. तिनं आवाज एकदम खाली आणला. हळू आवाजात काहीतरी विचारलं. मी जपानातला माझा नेहमीचा इलाज केला, ‘हाय’ म्हटलं. तिनं मान लववली, फार हळुवार हातांनी डबी गुंडाळली आणि वर काळ्या-पांढऱ्या दोरीचं चित्र असलेली पट्टी लावली. मला वाटलं, काय संयत अभिरुची आहे! आपल्याकडे लाल चकचकीत कागद लावून वर प्लास्टिकचं फूल ठोकलं असतं.

शेजारची बेल दाबली. आजींनी दार उघडलं. मी दोन्ही हातांनी डबी पुढं धरली आणि कमरेत वाकलो. आजींनी पट्टीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गोठला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागं वळून आत पाहिलं. आत टीव्हीवर सुमो लागलं होतं आणि समोर त्यांचे यजमान, ऐंशीच्या पुढचे, पायजम्यात बसले होते. ते उठून आले. त्यांनी डबी पाहिली, मला पाहिलं आणि मग खात्री करावी तसं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. मी आणखी वाकलो.

रात्री चिरंजीव डोकं धरून बसले. “बाबा, इथं उदबत्ती बांधून भेट देतात ती कोणी गेल्यावर! सांत्वनाला! आणि त्या पट्टीवर तसंच लिहिलेलं असतं!”

“पण त्यांच्याकडे कोणी गेलेलं नाही.”

“तेच तर!”

आम्ही चौघं तत्काळ माफी मागायला गेलो. मुलगा इतका वाकला की मला त्याच्या टकलाची सुरुवात पहिल्यांदा दिसली. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डबी त्यांच्या मागं कपाटावर ठेवलेली होती. ते एकच वाक्य बोलले. आजींनी त्यांच्या दंडावर चापट मारली, सुनेनं तोंडावर हात घेतला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, परत नेऊ नका. राहू दे. आज ना उद्या लागेलच.”

त्यानंतर आजोबा लिफ्टमध्ये भेटले की छातीवर हात ठेवून मला म्हणायचे, “मादा, मादा!” बायको एकदोनदा सोबत होती, घरी येऊन फणफणली, “या वयात लिफ्टमध्ये काय बोलतात हे!” मग मुलानं अर्थ सांगितला. मादा म्हणजे अजून. अजून नाही. अजून वेळ आहे. पुढं पुढं मीही त्यांना बघितलं की भुवया उंचावून “मादा?” विचारायचो आणि ते खूश होऊन “मादा!” म्हणायचे. एवढ्या एका शब्दावर आमची मैत्री सव्वा महिना टिकली. काही नात्यांत तर तेवढंही बोलणं होत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. आजी-आजोबा दोघंही, ठेवणीतल्या कपड्यांत, हातात चहाचं पाकीट. कागद नीट बांधलेला, वर तीच काळी-पांढरी दोरी. मुलगा ती बघून आधी दचकला आणि मग त्याला हसू आवरेना. सांत्वनाची भेट आली की दुखवट्याचे दिवस सरल्यावर घरच्यांनी परतभेट द्यायची, साधारण निम्म्या किमतीची, अशी तिथली रीत आहे. चहा, टॉवेल असं काहीतरी. आजोबांनी स्वतःच्या मरणाची परतभेट स्वतः हयात असताना, स्वतःच्या हातानं आणून दिली होती. मी त्यांच्यासमोर काही दाखवलं नाही, पण नंतर त्या पाकिटावरची किंमत बघितलीच. माझ्या डबीच्या बरोबर निम्मी. अशी माणसं आमच्या बँकेत हवी होती.

बॅग बायकोनं भरली. मोगऱ्याचे साडेचार पुडे उरले होते. ते टाकून यायचा प्रश्नच नव्हता. जागा वाचावी म्हणून तिनं ते चहाच्या पाकिटाभोवती लावले. माइनिची-कोची उरलेली डबी मी माझ्या हँडबॅगेत घेतली, टॉवेलात गुंडाळून, आणि तरी घरी येईपर्यंत उरलेल्या काड्यांचे अडीचशे तुकडे झाले होते.

पुण्यात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी आणि त्यांच्या मिसेस भेटायला आल्या. मी दारापाशी चंदनाचा एक तुकडा लावून ठेवला होता, विकतच्या राखेत. बाहेरून आल्या आल्या त्यांना कळेल म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. सेक्रेटरी म्हणाले, “काही जळतंय का हो तुमच्याकडे?”

बायकोनं जपानी चहा केला. पाकीट उघडतानाच मला ओट्यापाशी मोगरा भेटला होता, पण मी गप्प राहिलो. मिसेसनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

“अगं बाई, जॅस्मिन टी! किती नाजूक! इकडच्यात ही मजाच नाही. भारी असेल ना गं हा?”

“खूप,” बायको म्हणाली. “मुद्दाम बांधून घेतलाय.”